15 हजाराचं हलकं रेनजॅकेट आपल्या पावसात घ्यावं का?

मेळघाटवाला: धारणी-चिखलदऱ्याकडची पोरं आता 12-15 हजाराचे हलके जॅकेट मागवून राह्यले. माझं म्हणणं, आपल्याकडच्या पावसासाठी एवढा पैसा घालू नका. गोर-टेक्स वगैरे कापडात मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा असते, त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही अन् घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी, थंड पायजे नं! श्रावणात इथं बाहेरच एवढं दमट, की चढ चढला का माणूस आतून चिंब. मग 15 हजाराचं काय अन् 800चं काय.

सिस्टर_एटापल्ली: भाऊ, घामाचं पटलं, पण सगळे काही डोंगर चढत नाहीत. मी गाडीवर गावोगाव फिरते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, पाणी उतरेपर्यंत अलीकडं थांबा. जाड रेनकोट डिक्कीत मावत नाही म्हणून घरी राहते अन् नेमका त्याच दिवशी पाऊस गाठते. 200 ग्रॅमचं जॅकेट पर्समध्ये कायम राहते. जवळ असलेलं जॅकेटच कामाचं, आणि स्वस्तातल्याच्या खांद्याच्या शिवणीतून पाणी येते ते वेगळंच.

मेळघाटवाला: ताई, शिवणीवर टेप तर दोन-अडीच हजारातल्यालेही भेटते, दुकानात आतून उलटं करून पाहा. लेबलवर 10,000 मिमी असलं तर बस झालं, म्हणजे कापडावर 10 मीटर उंच पाणी उभं केलं तरी झिरपत नाही. अन् जेवढं हलकं तेवढं पातळ, बोरी-बाभळीत एकदा अडकलं का फाटलंच समजा.

रोवणीवाला: धानाच्या बांधीत वाकून रोवणी करताना जॅकेट कोणतंच चालत नाही. आम्ही प्लास्टिकची खोळ घेतो, समोरून मोकळी राहते, हवा खेळते.

पहाडवेडा_वर्धा: मेळघाटवाले दादा, तुम्ही फक्त इथलंच धरून बोलून राह्यले. हिमालयात 4000 मीटरवर पाऊस अन् वारा संगं आला, अंगातले कपडे भिजले, तर थंडीनं जीव जाऊ शकते, तिथं मी पैशाकडं पाहणार नाही. अजून एक, बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असते, तो झिजला की कापड भिजून जड होते, वाफ अडकते अन् लोक म्हणतात गळून राह्यलं. लेबल वाचून धुवा, सॉफ्टनर टाकू नका, चालत असलं तर हलकी गरम इस्त्री फिरवा. उन्हाळ्यात टिनाच्या पेटीत कोंबून तर ठेवूच नका, आतला थर सोलून निघते.

मेळघाटवाला: हिमालयाचं मान्य, तिथं घ्या. पण इथं गाडीवर न् रानात फिरायला हवा खेळायला काखेत चेन असलेलं दोन-अडीच हजाराचंच घ्या, उरलेल्या पैशात चांगले बूट येतात.

सिस्टर_एटापल्ली: काखेत चेनवालं अन् तरी पर्समध्ये मावणारं त्या भावात कुठं भेटते ते सांगा, मी याच हंगामात घेते.