मदत हवी आहे: थायलंडच्या शाळेची इंग्रजी शिक्षकाची ऑनलाइन मुलाखत, डेमोची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

थायलंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात झूमवर माझी मुलाखत आहे. शाळा बँकॉकची नाही, ईशान्येकडच्या इसान भागातली आहे. मी बी.ए. (इंग्रजी), बी.एड., सध्या सांगलीजवळ एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण ६००च्या वर आहेत (नॉन-नेटिव्ह, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्या उमेदवारांकडे ते मागतातच). कागदपत्रांचं काही वाटत नाही, धास्ती आहे ती डेमोची.

दहा मिनिटांचा पाठ घ्यायचाय, वर्ग मथायोम १, म्हणजे आपली सातवी. विषय कम्पॅरेटिव्ह्ज, म्हणजे 'बिग'चं 'बिगर' अशी तुलनेची रूपं. पॅनेलवरचे शिक्षकच विद्यार्थी होऊन बसणार. आम्हाला बी.एड.ला पाठ शिकवले ते प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन अशा पायऱ्यांनी. घरी घड्याळ लावून घेऊन बघितला, तर निम्मा वेळ हेतुकथनापर्यंतच उडाला. शिवाय माझ्या वर्गात कुठे अडलं की मी सरळ मराठीत सांगून पुढे सरकते. तिथे ती सोय नाही, माझं थाई 'सवातदी खा'पाशीच (म्हणजे 'नमस्कार') संपतं.

दुसरं म्हणजे, "तुम्ही नेटिव्ह स्पीकर नाही, मग तुम्हालाच का घ्यावं?" असं विचारलं तर काय सांगायचं? यूट्यूबवरचे सगळे जण "आय ॲम पॅशनेट अबाउट टीचिंग"वर येऊन थांबतात. ते माझ्या तोंडून काही निघायचं नाही.

आणि घरचे ब्लेझर घाल म्हणतायत. एप्रिलच्या उकाड्यात!

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मी खोन केन प्रांतात शिकवतो, म्हणजे तुमच्या भागातच. आधी डेमोबद्दल.

प्रस्तावना, हेतुकथन सगळं काढून टाका. पहिल्याच मिनिटाला हातात वस्तू दिसली पाहिजे. चहाचा चमचा आणि वरणाचा डाव घ्या. चमचा दाखवून "स्मॉल", डाव दाखवून "बिग". मग दोन्ही शेजारी धरा आणि "धिस इज बिगर दॅन..." एवढं बोलून थांबा. वाक्य पॅनेलला पुरं करू द्या. अशा चार-पाच जोड्या झाल्या की मगच नियम लिहून दाखवा, तोही एका ओळीत. 'मोअर ब्यूटिफुल'कडे वळूच नका, दहा मिनिटांत ते बसत नाही. शेवटची चार मिनिटं त्यांना बोलायला ठेवा.

"डू यू अंडरस्टँड?" चुकूनही विचारू नका. इथली मुलं काही कळलेलं नसलं तरी हसून "येस टीचर" म्हणतात आणि पॅनेलला हे पक्कं माहीत असतं. त्याऐवजी डाव वर धरून "इज धिस स्मॉलर?" विचारा, उत्तरावरून कळतंच. एकट्याला उभं केलं तर मूल गप्प होतं, चारचौघांत चुकण्याची लाज फार. म्हणून "मी आधी जोडीत बोलायला लावते, मग विचारते" असं पॅनेलला मुद्दाम सांगा. हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथल्या वर्गाची कल्पना आहे, हे त्यांना लगेच कळतं.

झूमवर मागची पार्श्वभूमी धूसर करू नका. हातातला चमचासुद्धा त्यात गायब होतो आणि तुम्ही हवेत बोटं नाचवताय असं दिसतं. पंखा थेट माइकवर येणार नाही असं बसा. आणि थायलंडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, मुलाखतीची वेळ कुठली दिलीय ते तपासा.

नेटिव्हच्या प्रश्नावर बचाव करत बसू नका. थाईत 'मोठा' म्हणजे 'याय' आणि 'पेक्षा मोठा' म्हणजे 'याय क्वा'. मूळ शब्द बदलत नाही. मराठीतही 'मोठा' तसाच राहतो. म्हणून इथली पोरं 'मोअर बिग' म्हणतात, तशी तुमचीही म्हणत असतील. ही चूक का होते आणि ती काढायला तुम्ही वर्गात काय करता, ते तुमच्याच वर्गातलं उदाहरण देऊन सांगा. ज्याला इंग्रजी शिकावं लागलेलं नाही त्याला हे सांगणं जड जातं.

एक सराव रोज करा: 'व्हेरी वेल'. थाईत 'व्ह' नाही, त्यामुळे मुलं 'वेरी' म्हणतात. आपणही दोन्हीकडे एकच 'व' लावतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठ गोल. पॅनेल अशा ठिकाणी बारकाईने ऐकतं.

प्रतिसाद २

ब्लेझर राहू दे. इस्त्रीचा साधा पंजाबी ड्रेस घाला, केस बांधा. सुरुवातीला हात जोडून थोडं वाका, त्यांचा 'वाय' आपल्या नमस्काराच्या जवळचाच आहे. निदान तेवढं तरी आपल्याला फुकट मिळतं! :)

प्रतिसाद ३

मधेच टपकतोय, पण हे बोलायलाच हवं. शाळा खरी आहे ना, एजंट कोण आहे, याची खात्री केलीत का? २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या बोगस नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. आयटीची नोकरी म्हणून नेलेल्या पोरांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीत डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. शिक्षकांच्या जागांचं सगळं तसं नसतं, पण "आत्ता टुरिस्ट म्हणून या, पुढचं बघू" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! डाव-चमच्याची कल्पना आजच भाचीवर करून बघते, ती बरोबर सातवीतच आहे.

@प्रतिसाद ३: एजंट नाही, शाळेशी थेट ईमेल चालू आहे आणि शाळेचा फोन नंबर प्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडून पडताळून घेतलाय. व्हिसासाठीची पत्रं शाळाच देणार आहे.

शेवटचं एक. "तुमचे काही प्रश्न?" असं त्यांनी विचारलं तर पगाराचं बोलावं का? की ते आगाऊपणाचं दिसेल?

प्रतिसाद १

पगार जाहिरातीत लिहिलेला असेल तर आकड्यावर घासाघीस नको. पण करार १२ महिन्यांचा की १०चा, हे जरूर विचारा. इथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतं, आणि १०च्या करारात मार्च-एप्रिलचे पैसे मिळत नाहीत. तासिका आठवड्याला किती, एका तुकडीचा पट किती, तेही विचारून घ्या. सकाळी ८च्या झेंडावंदनाला रोज हजर राहावं लागेल का, हे विचारलंत तर खूश होतील. उत्तर 'हो'च असणार आहे.