दुखत नसेल तर घाई कशाला?

पायाचा अंगठा वाकडा होऊन त्याच्या मुळाशी हाड वाढलंय, दुखणं फारसं नाही, पण 'पुढे वाढणारच, आत्ताच ऑपरेशन करून टाका' असा सल्ला मिळालाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत, नुसतं एवढ्यावर करू नका. इथे खरा निकष दुखण्याचा. बोटांकडे रुंद आणि मऊ असे बूट वापरूनही रोजचं चालणं अडत असेल, तर जरूर करा, तेव्हा फायदाही चांगला होतो. पाय दिसायला बरा व्हावा म्हणून मात्र नको.

'छोटंसं ऑपरेशन' या शब्दांवर तर मुळीच जाऊ नका. हाड कापून सरळ करतात, स्क्रूने बसवतात, आणि ते जुळून यायला साधारण 6 आठवडे लागतात. आईच्या वेळी जवळून पाहिलंय. ऑपरेशननंतर देतात तो कडक तळाचा बूट घालून बाथरूमपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागायचा. पाय खाली सोडला की टाके ठणकायचे, म्हणून दिवसभर उशीवर उंच. सूज तर कित्येक महिने रेंगाळली. उजवा पाय असेल तर गाडी चालवणंही साधारण ते 6 आठवडे बंद. शिवाय अंगठा पुन्हा वाकडा होऊ शकतो, हे आधी कुणी फारसं सांगत नाही.

मधुमेह किंवा सिगारेट असेल तर जखम आणि हाड भरायला वेळ लागतो, तेही डॉक्टरांशी बोला. आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच, जाताना उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत न्या.