‘द रेव्हन बॉइज’ नव्वदाव्या पानावर अडकली आहे, पुढे कशी वाचावी?

पिंपळपान

मॅगी स्टीफवॉटरची ‘द रेव्हन बॉइज’ वाचायला घेतली आहे. किशोरांसाठीची फँटसी, सोबत प्रेम आणि रहस्य, असं वर्णन ऐकून घेतली. पडक्या चर्चपाशी रात्री बसून आत्म्यांची नावं लिहून घेण्याचा सुरुवातीचा प्रसंग फार आवडला. पण नव्वदाव्या पानाच्या आसपास येऊनही पुस्तक पकड घेत नाहीये.

एका घरात इतक्या बायका आहेत की कोण कोणाची कोण, हेच लक्षात राहत नाही. ‘ले लाइन’ म्हणजे नेमकं काय, ते कोणी धड सांगत नाही. नायिका ब्लू आणि श्रीमंत मुलगा गॅन्सी भेटले ते भांडायलाच. आणि लॅटिनच्या मास्तरांच्या मनात काय चाललंय हे लेखिकेने एवढ्यात दाखवून टाकलंय, मग रहस्य उरलं कशात? पुढचं फोडू नका, पण वाचायचं कसं ते सांगा.

सांजवाचक

सोडू नका. तुम्ही ‘गुन्हेगार कोण’ शोधायला बसला आहात, आणि या पुस्तकातलं कोडं ते नाहीच. ते आहे काळाचं. सुरुवातीची दोन प्रकरणं परत वाचा, आता जेमतेम पंधरा मिनिटं लागतील.

चर्चचा प्रसंग २४ एप्रिलच्या रात्रीचा. त्या रात्री दिसणारे आत्मे पुढच्या बारा महिन्यांत मरणाऱ्यांचे. ब्लूला एरवी काहीच दिसत नाही, ती फक्त इतरांची शक्ती वाढवते. पण त्या रात्री तिला एक मुलगा दिसतो, नाव सांगतो गॅन्सी. तिच्यासारखीला आत्मा दिसण्याची कारणं दोनच: एकतर तो तिचा खरा प्रियकर, नाहीतर ती त्याला मारणार. आणि लहानपणापासून तिला बजावलेलं असतं की ती ज्याच्यावर खरं प्रेम करेल तो तिच्या चुंबनाने मरेल. म्हणजे घड्याळ पहिल्याच रात्री सुरू झालं. पुढे दोघं साधं बोलली तरी ते टिकटिकत असतं. तुम्हाला प्रेमकथा आणि रहस्य वेगवेगळी वाटताहेत, पण इथे तो एकच धागा आहे.

लगेच पुढे गॅन्सी रस्त्याकडेला बंद पडलेल्या नारिंगी कॅमॅरो गाडीपाशी उभा राहून आदल्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकतो. त्यात त्याचाच आवाज आहे, आणि एका मुलीचा. तो आवाज मुद्रित झाला तेव्हा तो तिथे तोंडाने काहीही बोललेला नव्हता. बहुतेक वाचक हे ‘भुताटकी’ म्हणून सोडून देतात आणि तिथेच चुकतात. पुस्तकाचा नियम त्या टेपमध्ये आहे: इथे काळ एका दिशेनेच वाहतो असं नाही.

लॅटिनचे मास्तर, व्हेल्क, आधीच दाखवले आहेत कारण लपवायचं आहे ते दुसरंच. त्यांच्या प्रकरणात आलेलं प्रत्येक नाव कागदावर लिहून ठेवा. आडनावसुद्धा. चार पुस्तकांच्या मालिकेतल्या या पहिल्या भागात निवेदन फिरतं ते ब्लू, गॅन्सी, अ‍ॅडम आणि व्हेल्क यांच्या डोक्यातून. अ‍ॅडम, रोनन आणि नोआ हे गॅन्सीचे मित्र. रोननच्या मनात शिरायला दुसऱ्या भागापर्यंत थांबावं लागतं. नोआच्याही मनात आपण जात नाही, त्यामुळे तो काय बोलतो तेवढंच हाती लागतं. ते शब्दशः घ्या. यापुढे मी काही सांगत नाही.

घरातल्या बायकांना नात्याने लक्षात ठेवू नका, प्रत्येकीच्या हातातल्या गोष्टीने ठेवा. मॉरा म्हणजे ब्लूची आई, तिच्या हाती टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगण्याचे, पत्ते. कॅला वस्तूला स्पर्श करून तिचा भूतकाळ सांगते. पर्सेफनी म्हणजे फिकट केसांचा ढीग आणि बारीक आवाज. नीव ही मॉराची सावत्र बहीण, ती वाडग्यात क्रॅनबेरी-द्राक्षाचा रस ओतून त्यात बघते. ऑर्ला आणि जिमी यांना सध्या बाजूला ठेवलं तरी चालेल. नीववर मात्र नजर राहू द्या.

कोपऱ्यातला दिवा

ले लाइनचं मी सांगतो, कारण हे कळलं की अर्धं धुकं जातं, आणि पुस्तक ते समजावत बसत नाही ही गोष्ट खरी आहे.

अल्फ्रेड वॉटकिन्स नावाचा इंग्रज गृहस्थ होता, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरफर्डशरमधला. १९२१ मध्ये त्याला वाटलं की जुन्या टेकड्या, उभे दगड, चर्च, नदीचे उतार हे नकाशावर सरळ रेषेत येतात. १९२५ मध्ये त्याने त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. त्याच्या मते हे प्राचीन लोकांचे जाण्यायेण्याचे मार्ग होते, बस्स. या रेषांमध्ये काही ऊर्जा वाहते ही कल्पना नंतरची, १९६०च्या दशकात रुजलेली. पुरातत्त्वज्ञ दोन्ही मानत नाहीत: ब्रिटनमध्ये जुन्या जागा इतक्या दाट आहेत की नकाशावर पट्टी कशीही ठेवली तरी तिच्यावर चार-पाच येतातच. कादंबरी ऊर्जेची कल्पना उचलते आणि ती रेषा व्हर्जिनियातल्या हेन्रिएटा या काल्पनिक गावातून नेते.

त्या रेषेला पुस्तकात प्रेतवाटही म्हणतात. तशा वाटा इंग्लंडमध्ये खरोखर होत्या. दफनाचा हक्क मोठ्या चर्चलाच असे, म्हणून दूरच्या वाड्यावस्त्यांवरून प्रेतं ठरलेल्या वाटेने तिथवर न्यावी लागत. २४ एप्रिलची प्रथाही खरी आहे: संत मार्कच्या सणाच्या आदल्या रात्री अकरा ते एक चर्चच्या दारात बसायचं, की वर्षभरात मरणाऱ्यांची छाया आत जाताना दिसते. सलग तीन वर्षं बसावं लागतं असंही म्हणत.

राहिला गॅन्सी शोधतोय तो राजा, ग्लेंडावर. हा ऐतिहासिक माणूस आहे, ओवेन ग्लिनदूर. १६ सप्टेंबर १४०० रोजी त्याने इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारलं, १४०४ मध्ये वेल्सची संसद भरवली, आणि १४१२ नंतर तो कोणाला दिसला नाही. त्याला कोणी पकडून दिलं नाही, थडगंही सापडलं नाही. म्हणून तो कुठेतरी झोपला आहे आणि परत येईल ही दंतकथा. कादंबरीत त्याला समुद्रापार आणून ठेवलंय, आणि जो उठवेल त्याला एक वर मिळणार.

आपल्याकडचा वाचक इथे मुचकुंदापाशी येतोच: गुहेत झोपलेला राजा, आणि त्याला लाथ मारून उठवणारा कालयवन जळून खाक. ही आठवण पुस्तक वाचताना उपयोगी पडते, कारण गॅन्सी नुसत्या वराचाच विचार करतो. झोपलेल्याला उठवण्याची किंमत काय, हा प्रश्न तुम्ही त्याच्या आधी मनात ठेवलात तर चारही भाग अधिक रंगतात.

पिंपळपान

हे फारच उपयोगी. आणखी दोन गोष्टी. पत्ते समजायला टॅरोची माहिती लागेल का? आणि प्रेमकथा पहिल्या भागात कितपत आहे? घरातली तेरा वर्षांची मुलगी पण मागते आहे.

निळी शाई

टॅरोचं इतकंच पुरे: पत्ते ७८, त्यातले २२ मोठे आणि ५६ चार रंगांचे, म्हणजे पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. मुलं भविष्य विचारायला येतात तो प्रसंग सावकाश वाचा. अ‍ॅडमला तलवारींची दुर्री येते, म्हणजे टाळत ठेवलेला अवघड निर्णय. त्याचं पुढचं सगळं वागणं या एका पत्त्यात आहे. गॅन्सीसाठी निघतो तो ‘पेज ऑफ कप्स’. हाच पत्ता घरात आजवर कोणाचा मानला जात होता ते आठवलं की मॉराचा चेहरा का उतरतो ते कळेल.

प्रेमकथा मंद आचेवर आहे. पहिल्या भागात ब्लूचा ओढा तुम्हाला वाटतो तिकडे नसेल, आणि ते मुद्दाम आहे. गॅन्सी तिला पैसे देऊ करून अ‍ॅडमशी बोलायला सांगतो, ते भांडण म्हणजे नुसती नोकझोक समजू नका. श्रीमंताला पैशाने सगळं सुटतं असं वाटणं आणि गरिबाला त्याची चीड येणं, हाच गॅन्सी आणि अ‍ॅडममधलाही पेच आहे. चुंबन वर्ज्य असल्यामुळे लेखिकेला सगळी ओढ हातात, आवाजात, फोनवरच्या बोलण्यात भरावी लागते. त्याचा खरा मोबदला दुसऱ्या भागापासून मिळतो.

तेरा वर्षांच्या मुलीला पहिला भाग द्यायला हरकत नाही, पण आधी स्वतः वाचा. अ‍ॅडमला घरी बाप मारतो, ते प्रसंग सौम्य केलेले नाहीत. रोनन शिव्या देतो. दुसऱ्या भागात अमली पदार्थ आणि आत्महत्येचे संदर्भ जड आहेत, तो दोन वर्षांनी दिला तरी बिघडत नाही.

क्रम मोडू नका: ‘द रेव्हन बॉइज’, ‘द ड्रीम थीव्ह्ज’ (२०१३), ‘ब्लू लिली, लिली ब्लू’ (२०१४), ‘द रेव्हन किंग’ (२०१६). चारही त्याच वर्षभराच्या मुदतीत चालतात, दुसरा भर उन्हाळ्यात, तिसरा शाळा सुरू झाल्यावर. रोननवरची पुढची तीन पुस्तकं वेगळी मालिका आहे, ती या चारांनंतरच.

सांजवाचक

एक सावधगिरी राहिली. दुसऱ्या भागाचं मलपृष्ठ आत्ता वाचू नका, पहिल्याच्या अगदी शेवटच्या वाक्यातला धक्का त्यातून फुटतो. किंडलवर वाचत असाल तर पात्राचं नाव टाकून शोधू नका, निकालांत पुढच्या पानांवरच्या ओळीही दिसतात. म्हणूनच कागदावरची यादी बरी. ऐकायचं असेल तर विल पॅटनच्या आवाजातलं सुमारे अकरा तासांचं श्राव्य पुस्तक सुंदर आहे, पण पहिली शंभर पानं तरी डोळ्यांनी वाचा, नाहीतर नावं निसटतात.

मध्याच्या सुमारास हेलिकॉप्टर येतं आणि त्यानंतर जंगल. तिथे वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा. झाडं लॅटिनमध्ये बोलतात ती वाक्यं गाळू नका, अर्थ जवळपासच दिलेला असतो. आणि पाण्यातल्या माशांचा रंग कोणी मनात काय आणल्यावर बदलतो, ते नीट बघा.