मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियात बेकारीच्या काळात नाव नोंदवलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियाने 1946 पासूनची सरकारी रोजगार सेवा 1998 मध्ये गुंडाळली आणि बेरोजगारांना नोकरी मिळवून देण्याचं काम बाहेरच्या संस्थांना ठेक्याने दिलं. त्यावर मी प्रबंध लिहितेय. उमेदवार कामावर 4, 12, 26 आठवडे टिकला की संस्थेला पैसे. मग जो पटकन लागेल त्याच्याकडे लक्ष, आणि पन्नाशीतला, इंग्रजी कच्चं असलेला माणूस ताटकळत राहतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. 2023 मध्ये तिथल्या संसदीय समितीनेही संपूर्ण खासगीकरण फसल्याचं म्हटलं.

मेलबर्न-सिडनीकडच्या कुणा ताई-दादांनी दोन्ही व्यवस्था पाहिल्यात का? समोरचा माणूस तुमचं ऐकून घ्यायचा, की नुसते अर्ज मोजायचा? कृपया इथे किंवा व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून सांगा. नाव कुठेही येणार नाही.