मदत हवी आहे: व्हॅक्यूम क्लीनरमधला हेपा फिल्टर नेमका कसा निवडावा?

नमस्कार. पुण्यात आमच्या इमारतीला लागूनच मोठे बांधकाम सुरू आहे आणि दारे-खिडक्या बंद ठेवल्या तरी घरात बारीक धूळ येतच राहते. मुलीला धुळीची ॲलर्जी असल्यामुळे डॉक्टरांनी केरसुणी बंद करून व्हॅक्यूम क्लीनर वापरण्यास आणि त्यानंतर फरशी ओल्या फडक्याने पुसण्यास सांगितले आहे. मात्र आमचे जुने यंत्र सुरू केले की मागच्या झरोक्यातून धुळकट वास येतो आणि उन्हाच्या तिरिपेत कण तरंगताना दिसतात, म्हणून नवे यंत्र घेण्याचा विचार आहे. दुकानात एका खोक्यावर ‘हेपा’, दुसऱ्यावर ‘हेपा टाइप’, तर तिसऱ्यावर ‘एच १३’ असे छापलेले होते. यांत खरोखर फरक असतो का? ०.३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण फिल्टरमधून निसटतात का? फिल्टर धुता येतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आधी ०.३ मायक्रॉनचा प्रश्न घेतो, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहे. हेपा म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, पण तो चाळणीसारखे काम करत नाही. त्यात अतिशय बारीक तंतूंचा दाट गुंता असतो आणि तंतूंमधल्या फटी अनेकदा अडकणाऱ्या कणांपेक्षा मोठ्याच असतात. मोठ्या कणांना हवेबरोबर चटकन वळता येत नाही, म्हणून ते तंतूवर आदळतात. मध्यम कण तंतूला घासून जाताना चिकटतात. तर अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि अखेर कुठल्या तरी तंतूला लागतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपास या सगळ्याच क्रिया तुलनेने दुबळ्या पडतात, म्हणून चाचणीसाठी पकडायला सर्वांत अवघड असा हा आकार निवडला गेला. त्याहून लहान कण उलट अधिक सहज अडकतात.

अमेरिकेतील प्रचलित व्याख्येनुसार हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. युरोपीय मानकात सर्वांत अवघड आकाराच्या कणांसाठी एच १३ या श्रेणीला ९९.९५ टक्के आणि ई १२ या श्रेणीला ९९.५ टक्के ही किमान मर्यादा आहे. आकडे जवळचे वाटले, तरी ई १२ मधून दहापट कण पार होऊ शकतात, आणि त्या मानकात ‘ई’ गटाला हेपा म्हणतच नाहीत. ‘हेपा टाइप’ या शब्दांमागे कोणतीही ठरलेली मर्यादा नाही, त्यामुळे माझ्या मते ते खोके बाजूला ठेवावे.

मात्र हे आकडे सुट्या फिल्टरचे आहेत, यंत्राचे नव्हेत. फिल्टरभोवतीचे रबर नीट बसत नसेल किंवा झाकणाला फट असेल, तर हवा सोपी वाट धरते आणि एच १३ शोभेपुरता उरतो. जुन्या यंत्राचा फिल्टर काढून त्याची मोटरकडची नव्हे तर बाहेरची बाजू आणि चौकटीच्या कडा पाहा. तिथे करड्या रेघा असतील तर धूळ बगल देऊन निघते आहे. नुसत्या वासावरून निष्कर्ष काढू नका, कारण वास वायुरूप असतो आणि तो हेपाने अडत नाही. तिरिपेत दिसणारे कणही कदाचित झरोक्याच्या झोताने जमिनीवरूनच उडालेले असतील.

धुण्याबाबत पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच धुवा. काचतंतूंचा फिल्टर पाण्याने खराब होतो, आणि धुता येणारा फिल्टरही पूर्ण वाळण्याआधी बसवल्यास त्यावर बुरशी धरते. बांधकामाची धूळ फिल्टर फार लवकर तुंबवते, तेव्हा जाड थर आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो डबा रिकामा करण्याचा क्षण, कारण फिल्टरने अडवलेले सगळे तेव्हा पुन्हा हवेत येऊ शकते. म्हणून बंद होणाऱ्या पिशवीचे यंत्र घ्यावे. पिशव्यांचा खर्च वाढतो, पण इथे तो सार्थ आहे. सफाईच्या वेळी आणि त्यानंतर थोडा वेळ तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. ॲलर्जी धुळीतल्या माइट किड्यांची असेल, तर चादरी आणि अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, कारण गादीच्या तंतूंना धरून बसलेले जिवंत माइट नुसत्या खेचीने निघत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलच्या पिशव्या आणि मूळ फिल्टर सुटे मिळतात का, आणि केवढ्याला, हे दुकानदाराला अवश्य विचारा.