सहा हजारांची व्हिस्की डोळे झाकून ओळखाल का?

फोंडेकर
सरळच लिहितो, कोणाला लागलं तर लागू दे. व्हिस्की चांगली की वाईट हे बाटलीच्या किमतीवरून आणि लेबलवरच्या वर्षांवरून ठरवायची सवय गोव्यात राहून तरी आपण सोडली पाहिजे. कुठल्याही पार्टीत बघा, टेबलावर बारा वर्षांची स्कॉच आली की माणसांचा आवाजच बदलतो, पहिला घोट घशाखाली उतरायच्या आधी 'काय स्मूद आहे हां' म्हणून मोकळे, आणि ग्लासात बघितलं तर काठोकाठ बर्फ आणि वर सोडा. स्मूद नक्की काय, व्हिस्की की सोडा?

आम्ही घरी बसलो होतो तेव्हा चार ग्लास लावले, खाली नंबराच्या चिठ्ठ्या, ओतणारा वेगळा. एक आपल्या गोव्यातल्याच कुंकळ्ळीची पॉल जॉन ब्रिलियन्स, एक बारा वर्षांची स्कॉटिश सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची), एक मोठ्या नावाची ब्लेंडेड, म्हणजे अनेक डिस्टिलरींची मिसळलेली, स्कॉच आणि एक आपली नेहमीची देशी व्हिस्की. बर्फ नाही, सोडा नाही. सगळ्यात महाग कुठली विचारलं तर बहुतेकांनी ब्रिलियन्सवर बोट ठेवलं, आणि जिचा डबाच शोकेसमध्ये ठेवण्यासारखा असतो ती ब्लेंडेड स्कॉच आणि देशी यात चांगल्या जाणत्या लोकांची गल्लत झाली. नावं सांगितल्यावर मात्र एकेकाला 'मला आधीच वाटलेलं' आठवायला लागलं.

पॉल जॉन २०१२ मध्ये पहिल्यांदा विकायला काढली ती इंग्लंडात, आपल्याकडे लोकांना तिची किंमत कळली नंतर. घरच्या कोंबडीला आपण डाळच समजतो.

मडगावकर
पात्राव, ही व्हिस्कीची परीक्षा नाही झाली, तुमच्या पाहुण्यांची झाली. ज्याने आयुष्यभर सोड्यातून प्यायली त्याला एकदम नुसती, पाणी-सोड्याविना दिली तर ज्यात लाकडाचा गोडवा जास्त, व्हॅनिला जास्त, तीच त्याला भारी लागणार, कारण ती ओरडून सांगते मी इथे आहे. गोव्याच्या उष्म्यात पिंपातलं लाकूड दारूत भराभर उतरतं, मान्य, रंग येतो, मसाल्याचा वास येतो. पण मुरणं म्हणजे फक्त लाकूड शोषून घेणं नव्हे. हळूहळू हवा लागून जे आतल्या आत बदलतं, फळांचा तो मऊ वास, मेणासारखा तो तोंडात राहणारा स्पर्श, त्याला थंडी आणि वर्षं लागतात. कार्बाइड मारून पिवळा केलेला मानकुराद आंबा आणि पेंढ्यात पिकवलेला मानकुराद, रंग सारखाच असतो, आता बोला.

आणि वर्षांचा आकडा म्हणजे नुसता थाट नाही. लेबलवर १२ लिहिलं तर आतली सगळ्यात कोवळी दारू तरी १२ वर्षांची असावीच लागते. स्कॉचला ओकच्या पिंपात ३ वर्षं कायद्यानेच घालवावी लागतात. एवढी वर्षं माल गोदामात पडून, पैसा अडकून. त्याची किंमत कोणी द्यायची?

फोंडेकर
वेळेचे पैसे म्हणता ना, मग हिशोब पुरा करूया. पिंपातून दरवर्षी जी दारू हवेत उडून जाते ती स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के धरतात, आपल्याकडे गोव्यात ८ टक्क्यांच्या आसपास. २०० लिटरचं पिंप घ्या, बारा वर्षांनी तिकडे दीडशे लिटरच्या वर शिल्लक, इकडे जेमतेम ७३-७४. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश माल वाऱ्यावर गेला. गोव्यातली व्हिस्की कोवळी का काढतात याचं उत्तर हे आहे, घाई नाही, बाराव्या वर्षी बाटलीत भरायला काही उरलं पाहिजे ना. पडून राहिलेल्या मालाचे पैसे तुम्ही हसत देता आणि उडून गेलेल्या मालाचे पैसे मागितले की म्हणता देशी असून एवढी महाग?

मानकुराद बरा आठवला तुम्हाला. पण इथे कार्बाइड कोणी मारलेलं नाही, ऊन गोव्याचंच आहे.

सत्तरीचो बाब
तुमचं चालू द्या पण एक विचारतो, गोव्यात राहून कुंकळ्ळीची की स्कॉटलंडची म्हणून भांडताय, आणि फेणीचं नाव नाही? काजू फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून मान दिला, आणि तरी पाहुणा आला की आपण कपाटातून स्कॉच काढतो.

आमच्याकडे भाटीवर, म्हणजे फेणी गाळतात तिथे, जाऊन बघा परीक्षा कशी करतात. बाटली अर्धी भरायची, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवायची आणि उजेडात धरायची, बुडबुडे किती बारीक आणि किती वेळ टिकतात ते बघायचं. मग दोन थेंब तळहातावर चोळायचे, अल्कोहोल उडून गेलं की मागे काजूच्या बोंडूचा वास राहतो की करपल्याचा ते नाक लावून बघायचं. जाळ जास्त झाला असेल तर तिथेच कळतं. लेबल नाही, डबा नाही, वर्ष नाही. माझा काका गराफांव (फेणीचा मोठा काचेचा बुधला) न उघडता बुचाच्या वासावरून सांगायचा घ्यायची की नाही.

मडगावकर
बाब, फेणीला कोणी नावं ठेवली नाहीत, पण ती सहसा पिंपात मुरवून विकत नाहीत, त्यामुळे इथल्या मुद्द्याला ती लागू नाही. वेगळा विषय काढा, मीही येतो.

आणि फोंडेकर, तुमची ती चौथी देशी. स्वस्तातल्या बऱ्याचशा देशी व्हिस्कीत मुख्य माल असतो उसाच्या मळीचं अल्कोहोल, त्यात थोडं माल्ट आणि रंग-वास. युरोपात ती व्हिस्की म्हणून विकूच देत नाहीत, तिकडे व्हिस्की धान्याचीच लागते. म्हणजे किमतीचा आणि मालाचा काही संबंधच नाही हे तुमचं म्हणणं इथेच पडतं.

फोंडेकर
संबंध नाही असं मी कुठे म्हटलं? खालच्या टोकाला संबंध आहेच. मळी की धान्य, माल्ट किती, पिंपात घातली की नुसती मिसळली, इथपर्यंत पैसे वाढले की माल बदलतो. मी म्हणतो एकदा बरी सिंगल माल्ट हातात आली की त्यापुढे जे पैसे जातात ते चवीचे कमी आणि दुर्मिळपणाचे जास्त. २०२३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या लिलावात मॅकॅलन १९२६ ची एक बाटली २१ लाख पौंडांवर गेली. तिची चव कोण विचारतो? उघडली की किंमत संपली.

कळंगुटचा बारवाला
बारमागे उभा राहणारा माणूस आहे, माझं पण ऐका.

१) रंग बघून वय ठरवू नका. स्कॉचमध्ये साधा कॅरमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून 'जुनी दिसते' म्हणतो तेव्हा मी मान हलवतो.
२) लेबलवर अल्कोहोल ४६ टक्के किंवा वर दिसलं तर जरा थांबून वाचा. त्याखालच्या पातळीवर थंडीत किंवा पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ होते म्हणून कंपन्या ती गार करून गाळतात, त्यात व्हिस्कीला जी थोडी तेलकट चव असते ती पण जाते. ब्रिलियन्स ४६ ची, न गाळलेली, म्हणून तुमच्या पाहुण्यांना ती भरीव लागली असणार. ४० ची बारा वर्षांची तिच्या शेजारी ठेवली तर पाणचटच वाटणार. ही लढत बरोबरीची नव्हती.
३) पाणी घाला, लाजू नका. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की धुराचा वास देणारा ग्वायाकॉल म्हणून जो रेणू असतो तो अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर वर पृष्ठभागाशी येऊन राहतो, साठच्या आसपास असेल तर आत अडकतो. पॉल जॉन क्लासिक सिलेक्ट कास्क ५५.२ टक्के आहे, ती तशीच तोंडात टाकून 'जळते रे' म्हणणारे मी रोज बघतो. चमचाभर पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, मग बोला. बर्फाने मात्र वास मरतो.

सावंतवाडीकर
तुम्ही गोवेकर व्हॅल्यू व्हॅल्यू करताय ते आम्हाला वाचून हसायला येतं. तुमच्याकडे जी बाटली वायन शॉपमध्ये सहज मिळते तीच महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की दर बघून परत ठेवावीशी वाटते, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने ड्यूटी अजून चढवली. दारू तीच, पिंप तेच, व्हॅल्यू कुठली धरायची? स्कॉचवर तर २०२५ मध्ये १५० टक्के कस्टम ड्यूटी होती, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला त्यात ती आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. म्हणजे उद्या तीच स्कॉच स्वस्त होईल तेव्हा फोंडेकर म्हणणार का की आता ती चवीला सुधारली? तुम्ही चवीची तुलना करत नाही आहात, सरकारी टॅक्सची करताय.

फोंडेकर
अहो हेच तर मी सांगतोय, तुम्ही विरोधात लिहिताय की बाजूने?

सावंतवाडीकर
विरोधातच. कारण देशी सिंगल माल्ट 'परवडते' हा तुम्हा गोवेकरांचा मुद्दा गोव्यातच खरा आहे. आमच्याकडे येऊन परवडते म्हणून दाखवा.

पर्वरीची प्राची
मी सगळं वाचलं, दोघांनाही थोडं टोचते.

पहिलं फोंडेकरांना. डोळे झाकून प्यायचं तर ते नीट करा. २०१० मध्ये एडिनबरोच्या लीथमध्ये बर्न्स नाइटच्या (स्कॉटिश कवी बर्न्सच्या आठवणीतल्या रात्रीच्या) निमित्ताने असंच झालं होतं, स्कॉचच्या रांगेत तैवानची कावालान गुपचूप ठेवली आणि ती पहिली आली. तैवान पण आपल्यासारखंच उष्ण आणि दमट, आणि त्या डिस्टिलरीने दारू गाळायला सुरुवात केली २००६ मध्ये, म्हणजे वय चार वर्षांच्याही आत. पण तिथे चाखणारे त्या धंद्यातले होते, भावोजी नव्हते.

आणि मार्कांचं पण कौतुक नको. आपल्या देशी अमृत फ्यूजनला २०१० च्या व्हिस्की बायबलमध्ये (व्हिस्कींना मार्क देणारं पुस्तक) जगात तिसरी म्हटलं, ९७ मार्क, पॉल जॉन मिथुनाला २०२१ च्या आवृत्तीत तिसरी म्हटलं, आपल्याला अभिमान वाटला, वाटूच दे. पण ते एका माणसाचं नाक आहे, जिम मरेचं. त्याला आवडली म्हणून मला आवडेलच असं नाही. मला धुराची अजिबात चालत नाही, पॉल जॉनची धुराची बोल्ड मला कोणी फुकट दिली तरी मी ती दुसऱ्याकडे सरकवते. मग तिचे मार्क मला काय कामाचे?

आता मडगावकरांना. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात वाइनवर प्रयोग झाला, तीच वाइन दोनदा दिली, एकदा स्वस्त सांगून एकदा महाग सांगून. महाग सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली, नुसती तोंडाने नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येसुद्धा मजा वाटण्याचा भाग जास्त पेटला. तेव्हा तुम्हाला अठरा वर्षांच्या बाटलीत जे मेण आणि फळं लागतात त्यातलं किती आत आहे आणि किती लेबलवर, हे तुम्हाला तरी कसं कळणार?

मडगावकर
प्राची, तू माझ्याच बाजूचं लिहिलंस ग. किंमत माहीत असली की खरोखरची जास्त मजा येते, मेंदूतसुद्धा दिसते, तर मग ती मजा खोटी कशी? आपण रोज काय डोळे बांधून बसतो का? बाटली समोर असते, मित्र असतात, कोणी दुबईहून आणलेली असते, त्या सगळ्याची मिळून चव असते. ते काढून टाकून नंबराच्या चिठ्ठ्या लावणं हाच उलट खोटा प्रकार.

फोंडेकर
मग सोपं आहे सायबा. अठरा वर्षांची रिकामी बाटली जपून ठेवा, त्यात दीड हजाराची ओता, कोणाला सांगू नका. मजा तेवढीच, पैसे वाचले.

कळंगुटचा बारवाला
हे लिहून आयडिया देऊ नका, करणारे करतात आधीच. म्हणून सांगतो, बाहेर महाग मागवली तर बाटली टेबलावर आणून समोर ओतायला सांगा, झाकणाचं सील बघा. पेगचा हिशोब तर त्याहून वाईट, बारमध्ये दोन लार्जच्या पैशात दुकानातून कधीकधी अख्खी बाटली येते. चवीचीच पारख करायची असेल तर घरी करा, मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय.

मडगावकर
फोंडेकर, फसवून दिलेली मजा आणि माहीत असून घेतलेली मजा यात फरक आहे, पण ठीक. तुमच्याच पद्धतीने या. तीन ग्लास, दोनात एकच दारू, एकात वेगळी, वेगळा ओळखायचा. एकदा नाही, परत परत, कारण तिनातला एक तर नशिबानेही लागतो. स्कॉच मी आणतो अठरा वर्षांची, ४६ टक्क्यांवरची, म्हणजे बारवाल्यांचं गाळण्याचं कारण पण नको. तुम्ही कुंकळ्ळीची आणा. दोन्ही वेगळ्या हे मी प्रत्येक वेळी ओळखीन.

फोंडेकर
ओळखाल हो, दोन वेगळ्या व्हिस्की आहेत म्हटल्यावर वेगळी ओळखता येणारच. वेगळी ओळखल्यावर पुढे सांगायचं की त्यातली कुठली तिप्पट पैशाची आहे, आणि तिप्पट का.

मडगावकर
तिप्पट चव कोणी मागितलीच नव्हती. चौथा हिस्सा जास्त चांगली असली तरी मी तिप्पट देतो, पैसे माझे.

फोंडेकर
पैसे तुमचे, मग लग्नात दुसऱ्याच्या टेबलावर देशी दिसली की नाक कशाला मुरडता?

पर्वरीची प्राची
ठरवताय तर एवढं बघा, जो ओततो त्याने ग्लास द्यायला यायचं नाही. मडगावकरांना समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

सत्तरीचो बाब
चौथ्या ग्लासात फेणी घालतो मी. ती तरी सगळ्यांना ओळखता येईल.