मदत हवी आहे: एकाच मालकाच्या दोन विमान कंपन्या, वैमानिकांत फूट
मंडळी, माझा मुलगा अमेरिकेत एका छोट्या रिजनल एअरलाइनमध्ये (जवळच्या मार्गांवरची विमान कंपनी) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. करारावर मतदान तोंडावर आलंय. पगारवाढ सोडा, नाहीतर नवी विमानं आपल्याच दुसऱ्या कंपनीला देऊ, असं मालकांनी सांगितलंय. त्या कंपनीत त्याचा जिवलग मित्र आहे. एका खोलीत राहून, एका कुकरमधली खिचडी खाऊन दोघं शिकले. आता महिनाभर फोन नाही. फार जीव तुटतो.

२०१४ मध्ये एन्व्हॉय या रिजनल एअरलाइनच्या वैमानिकांनी कपातीचा करार नाकारला, पुढे त्यांची सीआरजे-७०० ही छोटी जेट विमानं पीएसए या दुसऱ्या रिजनल एअरलाइनकडे गेली. दोन्हींचा मालक अमेरिकन एअरलाइन्स समूह, युनियनही एकच, पण करार वेगवेगळे! दोन्हीकडच्या वैमानिकांनी मिळून वाटाघाटी केल्याचा अनुभव कुणाला आहे का? सीनियॉरिटीच्या (नोकरीतल्या ज्येष्ठतेच्या) याद्या एकत्र केल्या तर नव्या मुलांचं नुकसान होतं का? मतदान पुढच्या आठवड्यात आहे, कृपया लवकर कळवा.